आरंभीच्या मोबाईल मार्कअप भाषा आणि देवनागरी मराठी : एक ऐतिहासिक अभ्यास (१९९७ ते २०१६)

सारांश

मोबाईल फोनच्या लहान पडद्यावर आंतरजालावरील पृष्ठे दाखविण्यासाठी १९९७ ते २००२ या काळात एचडीएमएल, सीएचटीएमएल, डब्ल्यूएमएल आणि एक्सएचटीएमएल मोबाईल प्रोफाइल या मार्कअप भाषा निर्माण झाल्या. त्यांपैकी डब्ल्यूएमएल या भाषेच्या नियमांत देवनागरी लिपीला आरंभापासून जागा होती. तथापि मराठी मजकूर या भाषेच्या द्वारे सामान्य वाचकापर्यंत पोहोचला नाही. असे का घडले, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे. मानकात एखाद्या लिपीचा समावेश असणे आणि ती लिपी प्रत्यक्ष पडद्यावर वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी असून, त्यांच्यामधील अंतर भरून काढण्याची जबाबदारी त्या काळात कोणाचीच नव्हती, असे प्रतिपादन येथे केले आहे. विवेचनासाठी गोंदिया जिल्ह्यातील तालुक्यांची नावे ही कसोटी म्हणून वापरली आहेत.

बीजसंज्ञा : मार्कअप भाषा, वॅप, डब्ल्यूएमएल, देवनागरी, युनिकोड, गोंदिया.

१. प्रस्तावना

भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्याच वर्षी २२ फेब्रुवारीला जपानमध्ये एनटीटी डोकोमो या कंपनीची आय-मोड सेवा सुरू झाली, जूनमध्ये डब्ल्यूएमएल या भाषेची १.१ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि वर्षअखेरीच्या सुमारास नोकिया ७११० हा वॅप सुविधा असलेला फोन युरोपच्या बाजारात आला. या घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. परंतु नवा जिल्हा आणि खिशात मावणारे आंतरजाल हे एकाच वर्षाचे अपत्य असल्यामुळे एक प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो : या नव्या माध्यमात नव्या जिल्ह्याचे नाव त्याच्या स्वतःच्या लिपीत लिहिता आले असते काय?

प्रश्न वरवर साधा वाटतो. मात्र त्याचे उत्तर शोधताना मार्कअप भाषेची रचना, अक्षरसंकेतांची व्यवस्था, फोनची जडणघडण आणि दूरसंचार व्यवसायाची मांडणी अशा चार थरांतून जावे लागते. यांतील पहिल्या थराची माहिती संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आढळते. 'मोबाईल कम्प्युटिंग' या विषयाच्या अभ्यासक्रमात वॅप आणि डब्ल्यूएमएल यांचे प्रकरण अनेक विद्यापीठांत दीर्घकाळ शिकविले गेले. भाषेच्या अंगाने या प्रकरणाकडे पाहण्याचा प्रयत्न मात्र क्वचितच झाला. म्हणून प्रस्तुत निबंधात तंत्राचा इतिहास आणि लिपीचा इतिहास एकत्र वाचण्याचे योजिले आहे. एचडीएमएलचा प्रस्ताव ज्या वर्षी मांडला गेला ते १९९७ हे वर्ष येथे आरंभबिंदू मानले असून, भारतात फोनवर देशी भाषा वाचता येण्याची अट घालणारे मानक ज्या वर्षी आले त्या २०१६ पर्यंत विवेचन आणले आहे.

२. मोबाईलसाठी वेगळी भाषा का लागली?

मार्कअप भाषा म्हणजे मजकुराला मांडणीच्या खुणा लावणारी भाषा होय. हा परिच्छेद, हे शीर्षक, हा दुवा, अशा खुणा मजकुरात घातल्या की त्या वाचून ब्राउझर पृष्ठ उभे करतो. टिम बर्नर्स-ली यांनी घडविलेली एचटीएमएल ही अशा भाषांपैकी सर्वाधिक प्रसार पावलेली भाषा. ती संगणकाच्या मोठ्या पडद्यासाठी आणि सतत जोडलेल्या वाहिनीसाठी होती. नव्वदच्या दशकातील मोबाईल फोनजवळ यांपैकी काहीच नव्हते. जीएसएम जाळ्यावर माहिती वाहून नेण्याचा प्रचलित वेग सेकंदाला ९६०० बिट होता, स्मृती अत्यल्प होती आणि अक्षरे दाबण्यासाठी बारा कळा होत्या.

या अडचणीवर पहिला सुसंगत उपाय अमेरिकेतील अनवायर्ड प्लॅनेट या कंपनीने शोधला. ॲलन रॉसमन यांनी स्थापन केलेल्या या कंपनीने एचडीएमएल ही भाषा मे १९९७ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमपुढे ठेवली. पृष्ठाऐवजी 'कार्ड' ही कल्पना या भाषेने रूढ केली. त्याच वर्षी जूनमध्ये एरिक्सन, मोटोरोला, नोकिया आणि अनवायर्ड प्लॅनेट या चार कंपन्या एकत्र आल्या व त्यातून वॅप फोरम ही संस्था उदयास आली. तिने एप्रिल १९९८ मध्ये वॅप १.० ही नियमावली प्रसिद्ध केली आणि तिच्यातील मांडणीच्या भाषेला डब्ल्यूएमएल हे नाव मिळाले. दरम्यान जपानच्या ॲक्सेस या कंपनीने फेब्रुवारी १९९८ मध्ये वेगळा मार्ग सुचविला. नवी भाषा घडविण्यापेक्षा एचटीएमएलमधील जड भाग वगळून उरलेली भाषा वापरावी, असा तो मार्ग होता. हीच सीएचटीएमएल. आय-मोड सेवा तिच्या आधारे उभी राहिली.

एकाच गरजेतून जन्मलेल्या या दोन धारांचे भवितव्य पुढे फार वेगळे झाले. तो भेद समजण्यासाठी डब्ल्यूएमएलची रचना प्रथम पाहणे आवश्यक आहे.

३. डेक, कार्ड आणि प्रवेशद्वार

डब्ल्यूएमएलमध्ये एका वेळी पाठविल्या जाणाऱ्या मजकुराला 'डेक' म्हणजे पत्त्यांचा गठ्ठा म्हणत. गठ्ठ्यातील एकेक पान म्हणजे कार्ड. वाचकाला एका वेळी एक कार्ड दिसे आणि कळ दाबली की जाळ्याकडे पुन्हा न जाता पुढचे कार्ड येई. वाहिनी मंद आणि महाग असताना ही योजना शहाणपणाची होती.

फोन आणि आंतरजाल यांच्यामध्ये दूरसंचार कंपनीचे वॅप प्रवेशद्वार, अर्थात गेटवे, असे. फोनची मागणी ते स्वीकारी, मूळ सर्व्हरकडून डब्ल्यूएमएल मजकूर आणी आणि फोनकडे धाडण्यापूर्वी त्याचे द्विमान रूपात आकुंचन करी. या आकुंचनाचे स्वरूप आपल्या विषयाच्या दृष्टीने कळीचे आहे. त्यात मांडणीची प्रत्येक खूण एका बाइटमध्ये बसविली जाई. परिच्छेदाच्या खुणेला एक बाइट, कार्डच्या खुणेला एक बाइट, अशी ती पद्धत होती. मजकुरातील अक्षरे मात्र जशीच्या तशी पुढे जात. काटकसर खुणांची झाली, अक्षरांची झाली नाही.

रोमन लिपीतील मजकुराला याने काही बाधा आली नाही, कारण त्या लिपीचे एक अक्षर एका बाइटमध्ये मावते. देवनागरीचे गणित वेगळे आहे. यूटीएफ-८ या प्रचलित संकेतपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'गोंदिया' हा शब्द घेतला तर ग, ओकार, अनुस्वार, द, वेलांटी, य आणि काना अशी सात चिन्हे होतात. म्हणजे २१ बाइट. हेच नाव रोमन लिपीत सहा बाइटमध्ये संपते. 'अर्जुनी मोरगाव' या तालुक्याच्या नावाला मधल्या मोकळ्या जागेसह ४० बाइट लागतात, तर रोमन लिपीत १४ पुरतात. नोकिया ७११० या फोनमध्ये आकुंचित डेकची मर्यादा सुमारे १४०० बाइट होती. या मर्यादेत देवनागरीची साडेचारशेच्या आसपास चिन्हे मावली असती आणि त्यातच काना, मात्रा, वेलांट्या व अनुस्वार यांचीही गणना झाली असती.

तरीही ही मर्यादा निर्णायक मानता येत नाही. धानाचा दर, बसची वेळ, परीक्षेचा निकाल किंवा पावसाचा अंदाज यांना साडेचारशे चिन्हे पुरेशी आहेत. भातशेती आणि भातगिरण्यांच्या या जिल्ह्यात दहा बाजारांचे दर एका डेकमध्ये सहज बसले असते. तेव्हा कारण अधिक खोलवर शोधले पाहिजे.

४. नियमात असलेली देवनागरी

डब्ल्यूएमएल ही एक्सएमएल या व्यापक मार्कअप व्यवस्थेची एक उपयोजित भाषा होती. एक्सएमएलची पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९८ मध्ये मान्य झाली, तेव्हाच तिने युनिकोडचा अक्षरसंच आपला मानला. त्यामुळे डब्ल्यूएमएलनेही तोच संच स्वीकारला. युनिकोडच्या ऑक्टोबर १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. हा देवनागरी विभाग भारतीय मानकाच्या, म्हणजे इस्कीच्या १९८८ मधील आराखड्यावर आधारलेला होता. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने जिस्ट तंत्राद्वारे हीच इस्की व्यवस्था संगणकावर रूढ केली होती. याचा अर्थ, भारतात घडलेली अक्षरव्यवस्था युनिकोडमार्गे एक्सएमएलमध्ये आणि तेथून डब्ल्यूएमएलमध्ये पोहोचली होती. एप्रिल १९९८ च्या नियमावलीनुसार मराठीत लिहिलेला डेक पूर्णतः वैध होता.

येथे एक अपवाद नोंदविला पाहिजे. 'ॲ' हा स्वर स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ मधील ५.१ या आवृत्तीत दाखल झाला. तोवर तो अन्य चिन्हांच्या जुळवणीने लिहावा लागे. महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमाला अद्ययावत करणारा शासन निर्णय ६ नोव्हेंबर २००९ रोजी काढला. आधुनिक मराठीची वर्णव्यवस्था संकेतांच्या पातळीवर स्थिर होण्यास असा विलंब झाला. परंतु एका स्वराच्या अभावाने मराठी मजकूर अडला असता असे म्हणता येणार नाही. नियमांच्या पातळीवर मार्ग खुला होता, एवढे निश्चित.

५. तालुक्यांच्या नावांची कसोटी

संकेत हाती आला म्हणजे अक्षर दिसते असे नाही. संकेतावरून आकृती काढण्यासाठी फोनमध्ये त्या लिपीचा टंक लागतो. देवनागरीसाठी त्याखेरीज आणखी एक यंत्रणा लागते. चिन्हांचा साठवणीतील क्रम आणि पडद्यावरील क्रम यांत देवनागरीमध्ये फरक असतो, जोडाक्षरात चिन्हांचे रूप पालटते आणि रफार आपली जागा बदलतो. ही जुळवणी करणारी प्रणाली फोनमध्ये नसेल, तर टंक असूनही शब्द मोडतो.

गोंदिया जिल्ह्यातील आठ तालुक्यांची नावे यासाठी चांगली कसोटी ठरतात. गोरेगाव, आमगाव, देवरी आणि सालेकसा या चार नावांत चिन्हांचा क्रम बदलावा लागत नाही. काना, मात्रा, दुसरी वेलांटी ही सर्व चिन्हे आपापल्या अक्षरानंतरच येतात. साधा टंक असलेला फोनही ही नावे बऱ्यापैकी दाखवील. गोंदिया आणि तिरोडा या नावांत पहिली वेलांटी आहे. ती उच्चारात आणि साठवणीत व्यंजनानंतर येते, लेखनात मात्र व्यंजनाआधी बसते. जुळवणीविना ती मागेच राहते. 'गोंदिया'मधील वेलांटी द ऐवजी य ला आणि 'तिरोडा'मधील वेलांटी त ऐवजी र ला लागल्यासारखी दिसते. अर्जुनी मोरगाव आणि सडक अर्जुनी या नावांत रफार आहे. जुळवणीविना र चा पाय मोडलेला दिसतो आणि ज वरचा रफार नाहीसा होतो. असे नाव ओळखता येईल, पण शाळेच्या फळ्यावर कोणी तसे लिहिणार नाही. तात्पर्य, आठांपैकी चार नावे, आणि त्यांत जिल्ह्याचेच नाव, जुळवणीच्या यंत्रणेखेरीज अशुद्ध उमटतात.

मराठीला हिंदीपेक्षा अधिक काही लागते, हेही येथे ध्यानात घ्यावे. 'दर्या' आणि 'दऱ्या' या शब्दांत अर्थभेद आहे आणि तो केवळ र च्या रूपावर अवलंबून आहे. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतील भेद तर प्रत्येक मराठी शिक्षकाला ठाऊक आहे. हिंदीपुरता घडविलेला टंक हा भेद राखीलच असे नाही. गोंदियासारख्या सीमावर्ती जिल्ह्यात, जेथे मराठीबरोबर हिंदी, पोवारी, गोंडी आणि छत्तीसगढी कानी पडतात, तेथे हिंदीची सोय म्हणजेच मराठीची सोय असा समज सहज होऊ शकतो. वरील दोन शब्दजोड्या तो समज दूर करण्यास पुरेशा आहेत.

पडद्याचा आकारही विचारात घ्यावा लागतो. नोकिया ७११० चा पडदा ९६ बाय ६५ ठिपक्यांचा होता. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा व खाली उकार असल्याने ओळीला अधिक उंची लागते. १६ ठिपक्यांची ओळ धरली तर त्या पडद्यावर चारच ओळी बसतात.

६. जपानचा दाखला

लिपीची गुंतागुंत हेच अपयशाचे कारण असते, तर जपानमध्येही मोबाईल आंतरजाल फसावयास हवे होते. जपानी लेखनात हजारो कांजी चिन्हे असून प्रचलित संकेतपद्धतीत त्यांना प्रत्येकी दोन बाइट लागत. तरीही आय-मोड सेवेने ऑगस्ट २००० मध्ये, म्हणजे दीड वर्षात, एक कोटी ग्राहकांचा टप्पा गाठला.

याचे श्रेय सामान्यतः सीएचटीएमएलच्या सुलभतेला दिले जाते. ते अंशतः खरे आहे. एचटीएमएल जाणणाऱ्यास ती नव्याने शिकावी लागत नसे. परंतु दोन बाबी याहून महत्त्वाच्या होत्या. पहिली, फोनमध्ये काय असावे हे डोकोमो कंपनी स्वतः ठरवी आणि निर्माते त्यानुसार फोन बनवीत. त्यामुळे सेवा घेणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये जपानी टंक असणे हे गृहीतच होते. दुसरी, आकारणी वेळेवर नव्हती, मजकुराच्या प्रमाणावर होती. १२८ बाइटच्या एका पाकिटाला ०.३ येन असा दर होता. वाचक किती वेळ वाचतो याचा बिलाशी संबंध नव्हता.

भारतातील स्थिती याच्या नेमकी उलट होती. मार्च १९९९ अखेरीस देशात मोबाईलचे ग्राहक सुमारे १२ लाखच होते आणि आलेल्या कॉललाही पैसे मोजावे लागत. ही आकारणी मे २००३ पासून थांबली. जीपीआरएस येण्यापूर्वी वॅपची जोडणी साध्या कॉलप्रमाणे मिनिटांवर मोजली जाई, म्हणजे हळू वाचणाऱ्याला अधिक खर्च येई. फोन एका कंपनीचा, जाळे दुसऱ्या कंपनीचे, मजकूर तिसऱ्याचा, अशी विभागणी होती. परवानेही परिमंडळांनुसार दिलेले होते. मुंबईचे परिमंडळ वेगळे आणि उर्वरित महाराष्ट्र व गोवा यांचे वेगळे. गोंदियापासून थोड्याच अंतरावर मध्य प्रदेशचे परिमंडळ सुरू होई, ज्यात पुढे छत्तीसगड झालेला भागही होता. अशा व्यवस्थेत फोनमध्ये मराठी टंक घालण्याचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न कोणाच्याच पुढ्यात आला नाही. फोननिर्मात्यापुढे जागतिक बाजारपेठ होती, दूरसंचार कंपनीचे उत्पन्न बोलण्यातून येत होते आणि मजकूर तयार करणाऱ्यास वाचकच नव्हता.

७. संगणकावर निघालेली वाट मोबाईलवर का निघाली नाही?

याच काळात संगणकावर मराठी मजकूर मोठ्या प्रमाणावर येत होता, ही बाब विशेष विचार करण्याजोगी आहे. मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. ती युनिकोडमध्ये नव्हती. प्रत्येकाचा टंक निराळा होता. रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकृत्या बसविलेला टंक वाचकाने आपल्या संगणकावर घ्यावयाचा, अशी ती युक्ती होती. ती शास्त्रशुद्ध नव्हती. एका टंकातील मजकूर दुसऱ्यात निरर्थक होई, शोध घेता येत नसे. पण मराठी वाचता येत होते. युनिकोडमधील मराठी लेखनाला नंतर बळ मिळाले. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ चा आहे.

ही युक्ती शक्य झाली, कारण संगणकाचा मालक त्यात टंक घालू शकत होता. मराठी मुद्रणाच्या इतिहासात याला पूर्वपीठिका आहे. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हा देवनागरीचे खिळे सुबक हवेत म्हणून ते स्वतःच पाडण्याची व्यवस्था त्यांना करता आली. ज्याला लिपीची गरज, त्याच्याच हाती लिपी घडविण्याचे साधन, असा तो योग होता. त्या काळातील मोबाईल फोनमध्ये हा योग नव्हता. टंक फोनच्या कायम स्मृतीत कारखान्यातच कोरलेला असे. मालकाला तो बदलता येत नसे, दुकानदाराला येत नसे आणि डब्ल्यूएमएलमध्ये डेकबरोबर टंक पाठविण्याची सोय नव्हती. संगणकावर नियम अपुरे असूनही व्यवहार चालला; मोबाईलवर नियम परिपूर्ण असूनही व्यवहार अडला. प्रस्तुत लेखकाच्या मते या सर्व प्रकरणातील मध्यवर्ती गोष्ट हीच आहे.

८. दुसऱ्या वाटेने आलेली मराठी

मराठी मोबाईलवर आली ती मार्कअप भाषेला वळसा घालून. नोकिया कंपनीने २००० मध्ये हिंदी मेनू असलेला ३२१० हा फोन भारतात आणला आणि २००४ मध्ये हिंदी लघुसंदेशांची सोय केली. २००३ मधील नोकिया ११०० हा फोन भारतासारख्या बाजारपेठा नजरेपुढे ठेवून बनविलेला होता. त्यात विजेरी होती, धूळ रोखणाऱ्या कळा होत्या, ब्राउझर नव्हता. जगभरात २५ कोटींहून अधिक विकला गेलेला हा फोन ज्याच्या हाती होता, त्याच्यासाठी डब्ल्यूएमएल हा विषयच उद्भवत नव्हता.

लघुसंदेशाचे अंकगणितही देवनागरीला प्रतिकूल होते. एका संदेशात १४० बाइट असतात. त्यात रोमन लिपीची १६० अक्षरे बसतात, देवनागरीची ७० चिन्हे. तरी ग्रामीण महाराष्ट्रातील महत्त्वाचे प्रयोग लघुसंदेशावरच उभे राहिले. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी वारणा सहकारी समूहात १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. त्यात गावोगावी संगणक-केंद्रे होती आणि ऊसउत्पादकांना वजनाची, देयकांची माहिती तेथे मिळे. २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी लघुसंदेश पाठविणारा फोन वापरून तेच काम करून दाखविले. मांडणीची कोणतीही भाषा त्यासाठी लागली नाही.

ऑक्टोबर २००७ मध्ये रॉयटर्स मार्केट लाइट ही सेवा महाराष्ट्रात सुरू झाली. बाजारभाव, हवामान आणि पीकसल्ला ती मराठी लघुसंदेशातून देई. शेतकऱ्याला याचा कितपत लाभ झाला, हे फाफशॉम्प आणि मिंटन या अर्थशास्त्रज्ञांनी राज्यातील १०० गावांत तपासले. मिळणाऱ्या दरात संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय वाढ त्यांना आढळली नाही, असा त्यांचा २०१२ मधील निष्कर्ष आहे. या निष्कर्षाचे महत्त्व आपल्या विषयापुरते इतकेच की, लिपीचा अडसर दूर झाल्याने बाजारातील अन्य अडसर आपोआप दूर होत नाहीत. तंत्राचा इतिहास लिहिताना हा संयम पाळणे इष्ट ठरते. जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेले किसान कॉल सेंटर तर लिपीवर मुळीच अवलंबून नव्हते. तेथे शेतकरी आपल्या भाषेत बोलत आणि उत्तर ऐकत.

डब्ल्यूएमएलचा काळ दरम्यान सरला होता. जानेवारी २००२ च्या वॅप २.० मध्ये एक्सएचटीएमएल मोबाईल प्रोफाइल ही भाषा पुढे आली आणि मोबाईलची भाषा पुन्हा एचटीएमएलच्या कुळात परतली. त्याच वर्षी जूनमध्ये वॅप फोरम ओपन मोबाईल अलायन्समध्ये विलीन झाला.

या संदर्भात ऑपेरा मिनी या ब्राउझरचा उल्लेख अपरिहार्य आहे. जानेवारी २००६ पासून जगभर उपलब्ध झालेला हा ब्राउझर साध्या जावा फोनवरही चाले. पृष्ठ प्रथम ऑपेराच्या सर्व्हरवर उघडे, तेथे त्याचे लहान रूप तयार होई आणि मग फोनकडे येई. त्याच्या पुढील आवृत्त्यांत एक आडबाजूची सुविधा होती. ती सुरू केली की गुंतागुंतीच्या लिपींचा मजकूर सर्व्हरवरच जुळवून चित्ररूपाने फोनवर पाठविला जाई. देवनागरी टंक नसलेल्या फोनवर मराठी संकेतस्थळे वाचण्याचा हा मार्ग वाचकांनी एकमेकांना सांगून पसरविला. अक्षर पोहोचले ते चित्र होऊन. ते वाचता येई, पण तो मजकूर म्हणून फोनला कळत नसे. नियमात पहिल्या दिवसापासून अक्षर म्हणून मान्य असलेल्या लिपीला चित्राच्या वेषात प्रवेश करावा लागला, यातील विसंगती उघड आहे.

९. जबाबदारीची निश्चिती

१९९८ मध्ये जो प्रश्न कोणाच्याच पुढ्यात नव्हता, त्याचे उत्तर अखेरीस शासकीय मानकाने दिले. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १६३३३ (भाग ३) हे मानक २०१६ मधील असून, केंद्र शासनाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते फोननिर्मात्यांसाठी अनिवार्य केल्याचे अधिसूचित केले. इंग्रजी, हिंदी आणि आणखी किमान एक भारतीय भाषा यांत लिहिण्याची सोय, तसेच आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांतील मजकूर वाचता येण्याची सोय प्रत्येक फोनमध्ये असावी, असा त्याचा आशय आहे. तोवर स्मार्टफोनच्या प्रसारामुळे देवनागरी बऱ्याच प्रमाणात रुळली होती. तथापि ती कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहू नये, ही भूमिका मानकामुळे प्रथमच निःसंदिग्धपणे मांडली गेली. डब्ल्यूएमएलच्या पहिल्या नियमावलीपासून या घटनेपर्यंत १८ वर्षे लोटली होती.

१०. समारोप

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, आरंभीच्या मोबाईल मार्कअप भाषांनी, विशेषतः डब्ल्यूएमएलने, देवनागरीस वगळले नव्हते. दोष भाषेच्या नियमांत शोधणे चुकीचे ठरेल. दुसरा, बाइटचा अधिक भार ही अडचण होती, पण निर्णायक कारण नव्हते. जपानचे उदाहरण हे स्पष्ट करते. तिसरा, निर्णायक कारण टंक आणि जुळवणी यांची जबाबदारी निश्चित नसणे आणि ती उणीव वापरणाऱ्याला स्वतः भरून काढता न येणे, हे होते.

या इतिहासाचे आज प्रयोजन काय, असे कोणी विचारील. डब्ल्यूएमएलचे डेक आज उघडत नाहीत, प्रवेशद्वारे बंद झाली आहेत आणि त्या काळातील फोन भंगारात गेले आहेत. छापील मजकूर शंभर वर्षांनी वाचता येतो. वीस वर्षांपूर्वीचा मोबाईल मजकूर वाचता येत नाही. महाविद्यालयांच्या संगणकशास्त्र विभागांत जुने फोन, जुनी पाठ्यपुस्तके, विद्यार्थ्यांनी लिहिलेले डब्ल्यूएमएलचे प्रात्यक्षिक-कोश अद्याप कपाटांत असतील, तर ते जपावेत, अशी नम्र सूचना येथे करावीशी वाटते.

याहून महत्त्वाची बाब अशी की, 'आमच्या प्रणालीत मराठी चालते' हे विधान आजही वारंवार ऐकू येते. प्रवेशाचा अर्ज असो, गुणपत्रिका असो वा यंत्राने केलेले भाषांतर असो, हे विधान कोणत्या थराविषयी केले आहे, हे विचारण्याची सवय अध्यापकांनी स्वतःला आणि विद्यार्थ्यांना लावली पाहिजे. संकेत आहे काय? टंक आहे काय? जुळवणी शुद्ध आहे काय? शोध घेता येतो काय? आणि यांपैकी काही नसेल, तर ते कोणी पुरवावयाचे? उत्तर तपासण्यासाठी मोठी सामग्री लागत नाही. गोंदिया, तिरोडा, अर्जुनी मोरगाव आणि सडक अर्जुनी ही चार नावे लिहून पाहावीत. ती शुद्ध उमटली आणि शोधल्यावर सापडली, तर त्या प्रणालीत मराठी चालते असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.